रेग्लाची लाँच: येमायाकडे पाण्यावरूनच जा

क्यूबाच्या जलदेवता समजून घ्यायच्या म्हणून हवानात उतरलेला माणूस बहुधा आधी प्रादो या रस्त्यावरच्या ओरिशा, म्हणजे देवतांच्या, संग्रहालयात जातो. कापितोलिओ या संसद भवनापासून जवळ, योरुबा सांस्कृतिक संघटनेच्या इमारतीत, माणसाच्या उंचीच्या टेराकोटा मूर्ती उभ्या आहेत. मूर्ती पाहण्यासारख्या आहेत, पण त्या पाहून एक गैरसमज घट्ट बसतो. क्यूबातल्या सांतेरियात, म्हणजे योरुबा देवतांना पूजणाऱ्या पंथात, ओरिशा मूर्तीत राहत नाही, तो दगडात राहतो. या दगडाला ओतान म्हणतात. येमाया ही समुद्राची देवी, तिचे दगड समुद्रातून आणायचे; ओचून नदीची, तिचे नदीतून. ते झाकणाच्या चिनीमातीच्या भांड्यात, म्हणजे सोपेरात ठेवतात आणि हे झाकण आल्यागेल्यासमोर उघडत नाहीत. दगड ज्या पाण्यातून आले ते पाणी मात्र सगळ्यांसाठी उघडं आहे. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं तिकीट रेग्लाच्या लाँचचं काढा, मूर्ती नंतर बघा.

जुन्या हवानातल्या मुएये लुस धक्क्यावरून ही लाँच सुटते आणि जेमतेम दहा मिनिटांत खाडीपलीकडच्या रेग्लाला लागते. स्थानिक लोक तिला लाडाने लांचिता म्हणतात. भाडं किरकोळ आहे आणि ते क्यूबन पेसोतच द्यायचं असतं, म्हणून सुटे पैसे हाताशी ठेवा. एकाच धक्क्यावरून दोन मार्ग निघतात, एक रेग्लाचा आणि दुसरा कासाब्लांकाचा. नवख्या माणसाची हमखास चूक इथेच होते. कासाब्लांकाची लाँच टेकडीवरच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याखाली नेऊन सोडते आणि लोक जिच्यात येमाया पाहतात त्या रेग्लाच्या मातेचं देऊळ भलतीकडेच राहतं. रांगेतल्या माणसाला नुसतं "रेग्ला?" एवढं विचारलं तरी काम होतं.

चढण्याआधी पिशव्या तपासतात. एप्रिल २००३ मध्ये शस्त्रांच्या धाकाने इथली एक लाँच पळवून खुल्या समुद्रात नेली होती, तेव्हापासूनची ही कडक तपासणी आहे. चाकू, कात्री, काचेची बाटली बरोबर घेऊच नका. नैवेद्याचं कलिंगड कापून न्यायचं असेल तर आधीच कापून ठेवा. आत बसायला जागा जवळपास नसतेच. लोक दांड्याला धरून उभे राहतात, सायकली मधे टेकवलेल्या असतात. सेवा म्हणून यात आराम काही नाही. इंधनाची टंचाई असली की फेऱ्या कमी होतात, आणि उन्हात रांगेत थांबणं नशिबी येतं. तरीही कडेची जागा पकडा, कारण अर्धं काम कडेलाच होतं.

लाँच खाडीच्या मध्यावर आली की काही हात हळूच कठड्याबाहेर जातात. नाणी पडतात. येमायाचा आकडा सात, म्हणून नाणी सातच. पाच टाकली तर तो ओचूनचा आकडा झाला, आणि ओचून गोड्या पाण्याची. नाणं फेकायचं नाही, सोडायचं. बरोबर जे मागायचं ते ओठांत. फुलं सोडायची असतील तर सुटी सोडा. रबर, प्लॅस्टिक, रिबन काही बांधू नका, खाडीत कचरा आधीच पुष्कळ आहे. मध तर अजिबात नको. मध ओचूनचा, आणि तोही तिला देण्याआधी स्वतः चाखायचा असतो, कारण कुणीतरी तिला मधातून विष घालायचा प्रयत्न केला होता अशी कथा आहे. येमायाला काकवी चालते. मध आणि काकवी या दोघींच्या नैवेद्यातली गल्लत आम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहतो.

प्रवाशांच्या गळ्यांकडे जरा लक्ष द्या, पण टक लावू नका. मण्यांची माळ म्हणजे एलेके. सात निळे, सात पांढरे किंवा पारदर्शक, पुन्हा सात निळे, असा क्रम दिसला तर ती येमायाची माळ. पिवळ्या किंवा मधाच्या रंगाचे मणी ओचूनचे. देवीचा कोणता मार्ग, म्हणजे कोणतं रूप, आणि दीक्षेचं कोणतं घराणं, यावर क्रम बदलतो, त्यामुळे दोन माळा तंतोतंत सारख्या क्वचितच असतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला तर तो बहुधा इयावो असतो, म्हणजे नव्याने दीक्षा घेतलेला. एक वर्ष आणि सात दिवस त्याचे नियम कडक असतात. त्याचा फोटो काढू नका आणि हस्तांदोलनाला हात पुढे करू नका.

आता पाण्याबद्दल. हवानाची खाडी स्वच्छ नाही. रेग्लाच्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखाना आहे, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो, वासही येतो. पुष्कळ पाहुणे इथे हिरमुसतात: देवीचं पाणी आणि असं? ज्याला येमायाचे मार्ग ठाऊक आहेत तो हिरमुसणार नाही. येमाया एक असली तरी तिची रूपं अनेक आहेत. आवोयो सगळ्यात थोरली, सात घागरे नेसणारी. ओकुते कमरेला सुरा लावून खडकाळ किनाऱ्यावर राहणारी, लोखंडाचा देव ओगूनची बायको. आणि आसेसू गढूळ, घाण, सांडपाण्याच्या प्रवाहातली, समुद्रतळाच्या ओलोकुन देवाची निरोप्या. आसेसू विसरभोळी आहे. तिला बदक वाहिलं की ती त्याची पिसं मोजत बसते, मधेच आकडा चुकतो, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. म्हणून तिच्याकडे मागितलेलं उशिरा मिळतं. खाडीचं काळपट पाणी कठड्यावर आपटत असताना ही कथा आठवली की पाणी वेगळंच दिसायला लागतं.

खाली, तळाशी ओलोकुन. त्याने रागाने जमीन बुडवायला घेतली तेव्हा ओबाताला या थोरल्या ओरिशाने त्याला साखळ्यांनी जखडून समुद्रतळाशी ठेवलं, अशी कथा आहे. यात इतिहासाचा एक धागा आहे. योरुबांच्या मूळ प्रदेशात, आजच्या नायजेरियात, येमाया ही ओगून नावाच्या नदीची देवता (त्याच नावाचा देव वेगळा), आणि समुद्र ओलोकुनचा. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून आलेल्या लोकांबरोबर नदीची देवी क्यूबात आली आणि समुद्राची झाली. पृष्ठभाग तिचा, खोली ओलोकुनची. ओचून मात्र नदीवरच राहिली.

लाँचमधून उतरल्यावर देऊळ चालत दोन-तीन मिनिटांवर. इथली पहिली साधी झोपडीवजा प्रार्थनागृहाची वास्तू १६८७ ची. १६९२ च्या वादळाने ती उद्ध्वस्त केली, पुन्हा बांधली, आणि १६९६ मध्ये स्पेनहून मूर्ती आली. १७१४ मध्ये रेग्लाची कुमारी माता मरिया हवानाच्या खाडीची रक्षणकर्ती म्हणून जाहीर झाली. आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. वेदीवरची माता काळी, हातातलं मूल गोरं, वस्त्रं निळी. रेग्ला या शब्दाचा अर्थ नियम, म्हणजे संत ऑगस्टीनच्या मठाचा नियम. परंपरा सांगते की मूळ मूर्ती ऑगस्टीनने आफ्रिकेत करवून घेतली आणि त्याच्या मृत्यूनंतर ती समुद्रावरून स्पेनच्या चिपिओनाला पोचली. आफ्रिकेतून निघालेली, समुद्र ओलांडून आलेली, काळी, निळ्या वस्त्रातली माता. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी तिच्यात येमाया ओळखली यात नवल ते काय.

देवळात सांतेरियाचं काहीही मांडलेलं नाही. हे कॅथलिक देऊळ आहे आणि मिस्सा चालू असताना फिरू नये. पाहायचं ते माणसांचं वागणं. आत मेणबत्ती लावलेली बाई बाहेर येते, कठड्यापाशी जाते, पाण्याला हात लावते. दोन्ही ठिकाणी तिचा भाव तोच असतो. बाहेर चिरूट ओढत पत्ते वाचून भविष्य सांगणाऱ्या बायका बसतात. बसण्याआधी पैसे ठरवून घ्या. त्यांच्याकडून नीट माहिती हवी असेल तर भविष्य विचारू नका, त्यांच्याजवळच्या बाहुल्यांच्या कपड्यांबद्दल विचारा. कोणती बाहुली कोणत्या देवतेची, हे त्या मनापासून सांगतात.

मार्ती रस्त्यावर थोडं चढून गेलं की रेग्लाचं नगर संग्रहालय. लहान आहे आणि वरवर पाहता निस्तेज वाटतं, पण सोडू नका. इथे रेमिखिओ एर्रेरा, म्हणजे आदेचिना, याच्यावरचा भाग आहे. १८३० च्या सुमारास गुलाम म्हणून आणलेला हा बाबालाओ, म्हणजे इफा या भविष्यपद्धतीचा पुजारी, पुढे रेग्लात राहिला आणि १९०५ मध्ये वारला. इफाचं भविष्य सांगण्याच्या ताडाच्या बिया त्याने गिळून समुद्रापार आणल्या असं त्याचे शिष्य सांगत आले. त्याची मुलगी पेपा एर्रेरा हिने पुढे रेग्लाच्या प्रसिद्ध काबिल्दोची, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या धार्मिक मंडळाची, धुरा सांभाळली. बाता ढोलांच्या गजरात त्यांची येमायाची मिरवणूक गावातून निघायची. माहिती स्पॅनिशमध्ये आहे. भाषा येत नसेल तर हे वाचून जा, नाही तर पाच मिनिटांत बाहेर पडाल.

रेग्लाचं दुसरं पाणी फार थोडे पाहुणे ओळखतात. आबाकुआ हा पुरुषांचा गुप्त भाईचारा क्यूबात याच गावात उभा राहिला. १८३६ मध्ये एफिक बुतोन नावाने त्याची पहिली शाखा स्थापन झाली, आणि बंदरावरच्या हमालांमध्ये तो खोल रुजला. त्याचं मूळ आजच्या नायजेरियाच्या कालाबार भागातलं, आणि मुळाशी नदी आहे. सिकान नावाची मुलगी नदीवर पाणी भरायला जाते. तान्से हा पवित्र मासा तिच्या घागरीत शिरतो आणि गर्जतो. तो आवाज म्हणजे गुपित, आणि ते बाईने ऐकलं. मासा मरतो, आवाज बंद पडतो, आणि तो परत मिळवण्यासाठी सिकानचा बळी दिला जातो. एकुए हा ढोल तोच आवाज काढतो. तो बडवत नाहीत, त्याच्या कातड्यावर काठी टेकवून ओल्या बोटांनी घासतात. त्यामुळे ठोका येत नाही, लांबट, खर्जातली, कुठून येते ते न कळणारी गुरगुर येते. ढोल आतल्या खोलीत, बाहेरच्यांना फक्त आवाज. बेल्किस आयोन या चित्रकर्तीने १९९९ मधल्या मृत्यूपर्यंत आपल्या छापचित्रांत सिकानलाच केंद्रस्थानी ठेवलं. ती चित्रं पाहायला मिळाली तर नक्की पाहा. तोंड नसलेल्या त्या आकृतींमध्ये ही कथा कुठल्याही फलकापेक्षा जास्त कळते.

या फेरीत काय मिळणार नाही तेही सांगायला हवं. ओचून इथे नाही. तिच्यासाठी हवानाच्या पश्चिमेकडच्या आल्मेंदारेस नदीकाठच्या झाडीत जावं लागतं, किंवा पार सांतियागोजवळच्या एल कोब्रेला. ग्विहे इथे नाही. तो बुटका, काळा, मोठ्या डोळ्यांचा खोडकर जीव नदीतल्या डोहांचा, देशाच्या मध्यभागातला. रेमेदिओस गावात सांगतात की त्याला पकडायला संत जॉनच्या रात्री हुआन (म्हणजे जॉन) नावाचे सात जण लागले, आणि सातही आपापल्या आईचे पहिले मुलगे. माद्रे दे आग्वाही गावाकडचीच: माडाच्या खोडाएवढा जाड, शिंगं असलेला अजगर, जो ज्या डोहात राहतो तो डोह कधी आटत नाही. क्यूबात खरोखरचा अजगर आहे, माहा, तो चार मीटरपर्यंत वाढतो आणि कथेला पुरेसा आहे. गोंधळ होतो तो नावामुळे. पालो पंथातली माद्रे दे आग्वा ही वेगळी, ती समुद्राची शक्ती. दुकानदार दोन्हींची एकच बाहुली दाखवतील, तेव्हा नेमकी कोणती हे विचारा.

जायचा दिवस निवडता येत असेल तर ७ सप्टेंबर निवडा. तो रेग्लाच्या मातेचा आणि येमायाचा दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी, ८ तारखेला, ओचूनचा. गर्दी प्रचंड असते, लाँचसाठी बराच वेळ उभं राहावं लागतं. सकाळी लवकर पलीकडे जा, देऊळ आधी उरका, संग्रहालय मधे, आणि पाण्याकाठी उन्हं उतरल्यावर बसा. शांतपणे नाणी सोडायची असतील तर हा दिवस टाळून आठवड्यातली कुठलीही सकाळ बरी. आणि रेग्लात उतरताक्षणी शेवटची परतीची लाँच किती वाजता, हे धक्क्यावरच्या माणसाला विचारून ठेवा. वेळा बदलत राहतात, आणि ती चुकली तर रस्त्याने अख्ख्या खाडीला वळसा घालून हवानात यावं लागतं.