तपासणीला ५ स्टार, जिन्याला १

आईला (वय ७४) घेऊन गेलो होतो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात, काम एवढंच की चष्म्याचा नंबर बदललाय का बघायचं. ती तर यायलाच तयार नव्हती, म्हणे मला काय धाड भरलीय, तांदळातले खडे अजून मीच निवडते. इतकी वर्षं आम्ही चष्म्याच्या दुकानातच जायचो, तिथे नंबर काढून देतात फुकटात, पण डोळ्यातलं प्रेशर आणि मागचा पडदा कधी कोणी बघितलाच नव्हता हे इथे येऊन लक्षात आलं.

आधी प्रेशर मोजायची, ती डोळ्यावर हवा मारणारी मशीन. आई दर वेळी दचकून मागे, तिसऱ्यांदा तिथली मुलगी हसत म्हणाली "बा, आंख खुल्ली राखो" तेव्हा जमलं. उजव्या डोळ्यात प्रेशर २८! नॉर्मल साधारण १० ते २१. डॉक्टरांनी स्वतः परत मोजलं, मग थेंब टाकून मागची नस बघितली, लाइट दिसला की बटण दाबायची टेस्ट पण झाली आणि निघाला काचबिंदू, इथे झामर म्हणतात तो. दुखत बिखत काही नाही, कडेकडेचं दिसणं गुपचूप जात राहतं आणि समोरचं छान दिसतं म्हणून कळतच नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. राहिलीय ती टिकवायला आता रोज रात्री एक थेंब. डॉक्टर हे सगळं आईशी बोलले, माझ्याशी नाही, ते फार आवडलं. तिच्या भावाची आणि माझीही तपासणी करून घ्या म्हणाले, घरात एकाला असला की बाकीच्यांनाही धोका जास्त.

आता तक्रार. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला, आणि येणारे निम्मे सत्तरीचे! चढताना ठीक हो, उतरताना थेंबांमुळे सगळं धूसर, ते चार-पाच तास तसंच. एक काका एकटेच आलेले, मुलगा कॅनडात, भिंत चाचपत उतरत होते, शेवटी मीच हात धरला. अपॉइंटमेंटचा नंबर पण फक्त व्हॉट्सॲपवर लागतो, फोन कोणी उचलत नाही.

फी ५००. आयुष्मान कार्ड ओपीडीला चालत नाही, ॲडमिट झालात तरच, त्यात यांचा दोष नाही म्हणा.

शनिवारी मामाला नेतोय, त्याचे गुडघे गेलेत. रिसेप्शनवाल्या बेन म्हणाल्या, खाली आलात की फोन करा, माणूस पाठवते. कुठला फोन, तोच ना?