पोथीची शाई तपासायची : आयन किरण की हातातलं एक्सआरएफ यंत्र?

कोल्हापुरात जुनी मोडी दफ्तरं किंवा ताडपत्रं जपणाऱ्यांपुढे कधीतरी हा प्रश्न येतोच. दोन्ही पद्धतींत कागद खरवडावा लागत नाही. एक्सआरएफ (एक्स-रे फ्लुरोसन्स) यंत्रातले क्ष-किरण किंवा आयन किरणातले वेगवान प्रोटॉन आदळले की शाईतले अणू स्वतःचे क्ष-किरण सोडतात आणि त्यावरून मूलद्रव्य ओळखता येतं.

हिंगूळ आहे की गेरू, हरताळ लावलीय का, एवढंच हवं असेल तर एक्सआरएफ पुरे. त्यांतले अनुक्रमे पारा, लोह, आर्सेनिक ते चटकन दाखवतं, आणि यंत्रच पोथीपाशी येतं. निळीसाठी मात्र लेझर प्रकाशाने रेणू ओळखणारी रामन चाचणी लागते. नीळ वनस्पतीची असल्याने या दोन्ही पद्धतींना ती दिसत नाही.

आयन किरणांची खरी ताकद बारीक प्रमाण मोजण्यात आहे. पिक्सी या आयन किरणांच्या चाचणीत साधारण 2-3 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन पातळ खिडकीतून हवेत आणतात, त्यामुळे पान निर्वात पेटीत ठेवावं लागत नाही. दशलक्षात काही भाग एवढं मूलद्रव्यही सापडतं. फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओच्या गतीवरच्या तारीख नसलेल्या टिपणांचा काळ असाच ठरवला : शाईतल्या लोह, तांबे, जस्त यांचं प्रमाण त्याच्याच तारीख असलेल्या कागदांशी ताडून. एखाद्या सनदेत मागाहून ओळ घुसडल्याची शंका असेल, तर हाच मार्ग धरावा.

पण आपली बरीच जुनी शाई काजळाची. कार्बन दोघांनाही दिसत नाही. म्हणून आधी अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्र काढा : काजळाची अक्षरं काळीच राहतात, लोहाच्या शाईची फिकी पडतात. अक्षरं काळीच राहिली तर प्रवेगकापर्यंतची (प्रोटॉनांना वेग देणाऱ्या यंत्रापर्यंतची) धावपळ बहुधा वाया जाईल.

ती धावपळ लहान नाही. अशा कामाचा 3 एमव्ही (30 लाख व्होल्टचा) पेलेट्रॉन प्रवेगक भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत आहे. पावसाळ्यात पोथी तिकडे नेऊच नये. परदेशी पाठवायचा विचार असेल तर 1972 चा पुरावस्तू कायदा वाचा : 75 वर्षं जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित त्यात येतं, आणि ते खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही.

प्रोटॉनांचा प्रवाह जास्त झाला तर किरणाखालचा कागद काळवंडतो. तेव्हा कमाल प्रवाह आणि वेळ प्रयोगशाळेकडून लेखी घ्या, आणि पहिली चाचणी त्याच काळातल्या कोऱ्या तुकड्यावर करायला सांगा.