क्रीटहून आणायच्या दोन बाटल्या: विदियानो की प्लिटो?

ग्रीसच्या क्रीट बेटावर निघालेले ओळखीचे लोक हल्ली विचारतात, तिथल्या द्राक्षाच्या जुन्या वाणांची पांढरी वाइन आणायची तर कोणती आणू? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी त्यात बसत नाही. विदियानो, प्लिटो आणि दाफ्नी हे तिन्ही वाण नामशेष होता होता वाचलेले, तिन्ही चाखावेसे वाटणारे. मी यातून माझ्यापुरती निवड केली आहे. ती सगळ्यांना पटेल असं नाही, पण कारणं सांगतो.

हे वाण दुर्मिळ का झाले, ते आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला चटकन कळेल. आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, १९२२ नंतर आलेल्या ग्रीक निर्वासितांबरोबर क्रीटमध्ये सुलताना या द्राक्षाची लागवड फोफावली. ही सुलताना म्हणजे आपली थॉमसन सीडलेस. तासगावचा बेदाणा ज्या तास-ए-गणेशचा होतो, तोही थॉमसनमधूनच निवडलेला वाण. पुढे मुळं पोखरणारी फिलॉक्सेराची कीड या बेटावर पोचली ती उर्वरित युरोपच्या मानाने फारच उशिरा, १९७० च्या दशकात. बागा उपटून नव्याने लावायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याने भरपूर पिकणारं आणि विकलं जाणारं तेच लावलं. त्याला दोष कसा देणार? पण त्यामुळे कितीतरी स्थानिक वाण चार-दोन जुन्या वेलींपुरते उरले.

त्यातून सगळ्यात जोमाने वर आला तो विदियानो. मूळचा बेटावरच्या रेथिम्नो भागातला. आज बेटावरचे बहुतेक सगळे नावाजलेले उत्पादक तो करतात, आणि क्रीटची पांढरी वाइन म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं. हे कौतुक त्याने कमावलेलं आहे. पिकलेल्या जर्दाळूचा आणि पीचचा वास, तोंड भरून टाकणारी चव, आणि तरीही आंबटपणा शाबूत. उन्हाळा इतका कडक असलेल्या बेटावर असा तोल साधणारं पांढरं द्राक्ष मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. विलाना हा तिथला जास्त पिकणारा पांढरा वाण. त्याच्या साध्या वाइनशेजारी विदियानोचा पेला ठेवला की फरक कुणालाही कळेल.

मग माझं कुठे अडलं? बाटलीत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही, इथे.

विदियानो यशस्वी झाला आणि प्रत्येकाला त्यातून काहीतरी वेगळं करून दाखवावंसं वाटू लागलं. कुणी तो स्टीलच्या टाकीत करतो, कुणी ओकच्या पिंपात मुरवतो, कुणी मातीच्या रांजणात, कुणी सालीसकट आंबवून नारिंगी रंगाची वाइन काढतो, कुणी फसफसणारी. समोरच्या लेबलवर मात्र सगळ्यांच्या एकच मोठं नाव, आणि मागचा तपशील बरेचदा ग्रीकमध्ये. तिथल्या खानावळीत प्यायलेली ताजी, जर्दाळूच्या वासाची वाइन डोक्यात ठेवून मी एक बाटली घरी आणली आणि बोंबील तळले त्या दिवशी उघडली. नाकाशी आला तो व्हॅनिला, लोणी आणि भाजलेला पाव. द्राक्ष कुठेतरी त्यांच्या मागे. वाइन वाईट नव्हती, उलट मेहनतीने केलेली होती. पण ओकचा वास मला कुठल्याही देशाच्या शार्दोनेत मिळतो. जो वाण वाचवायला माणसांनी वर्षं घातली, त्याचाच आवाज पिंपाखाली दबलेला पाहून मला खरंच वाईट वाटलं. पुढे दुसऱ्या उत्पादकाच्या बाटलीतही हाच अनुभव आला. त्यात अशी भरदार, मुरवलेली वाइन तिखटाशेजारी आणखी जड वाटते. अल्कोहोलने घशातली जळजळ वाढते.

उत्पादकांची बाजूही मला समजते. आपलं स्थानिक द्राक्ष मोठ्या, टिकाऊ वाइनच्या तोडीचं आहे हे जगाला दाखवायचं, तर असे प्रयोग होणारच. पण दोनच बाटल्यांची जागा असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

प्लिटोचं तसं नाही. क्रीटमधल्या इराक्लिओ शहराच्या दक्षिणेला अलाग्नी नावाचं गाव आहे. तिथल्या लिराराकिस कुटुंबाने दाफ्नी आणि प्लिटो हे दोन्ही वाण जवळजवळ संपलेले असताना पुन्हा लावले आणि १९९० च्या दशकापासून ते पुन्हा बाटलीत येऊ लागले. आजही प्लिटो करणारे थोडेच. पहिल्या घोटाला ही वाइन फारसं बोलत नाही. वास माफक: लिंबू, थोडं हिरवं सफरचंद. अंगाने हलकी. नुसती प्यायली तर कुणी म्हणेल, यात काय एवढं? पण तळलेल्या मासळीबरोबर घ्या. तुकडीवर लिंबू पिळल्यावर जे होतं ते ही वाइन करते. तेल कापते, पुढच्या घासाला जीभ स्वच्छ करून देते. बोंबील, मांदेली, रवा लावलेली सुरमई, कशाशीही तिचं बिनसलेलं मला आठवत नाही. मी प्यायलेल्या बाटल्यांत द्राक्ष दरवेळी पुढे होतं आणि बाकी सगळं मागे.

उणिवा आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळेलच असं नाही, शोधावी लागते. ठेवून द्यायची ही वाइन नव्हे, ताजी असतानाच संपवावी. आणि मटणाच्या रश्शासमोर ती पार हरते. तिथे ओकमधला विदियानोही निदान उभा राहील.

दाफ्नीबद्दल थोडक्यात. तिचा वास थेट लॉरेलच्या (तमालपत्रासारख्या) पानांचा आणि रोझमेरीचा, असा दुसऱ्या कुठल्या पांढऱ्या वाइनला मी घेतलेला नाही. शेळीच्या चीजबरोबर ती अप्रतिम लागते. आपल्या मसाल्यांशी मात्र तिचे स्वतःचे मसाले भांडतात, निदान माझ्या घरी तरी. दुकानात एक लक्षात ठेवा: लेबलवरचं 'दाफ्नेस' हे गावाचं नाव आहे, आणि तिथली प्रसिद्ध वाइन लियातिको या लाल द्राक्षाची असते. त्या गावची पांढरी बाटली विदियानोचीही असू शकते. म्हणून नाव ओळखीचं वाटलं तरी द्राक्ष कोणतं ते विचाराच.

तुमच्याकडे मासे कमी आणि चिकन, पनीर, मलईचे पदार्थ जास्त होत असतील, तर विदियानो घ्या आणि तो स्टीलच्या टाकीतला आहे ना, हे विक्रेत्याकडून आधी नक्की करून घ्या. पाहुण्यांना पहिल्याच घोटात आवडावी अशी वाइन हवी असेल तरीही तोच. पण घर मासे खाणारं असेल, तर बाटलीवर सगळ्यात अलीकडचं वर्ष बघून प्लिटो घ्या. दुसऱ्या बाटलीच्या जागी मी हल्ली विदियानो ठेवत नाही. तिथेही प्लिटोच असतो.