गेटचा इंटरकॉम: तारेचा, सिमचा की वायफायचा?

मोटरचं सरकतं गेट बसवायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: बेल वाजल्यावर घरातून ते उघडायचं कसं? अंगणात पेव्हर ब्लॉक बसायचे बाकी असतील तर वायरच ओढा, असं मी आग्रहाने सांगेन.

वायरच्या व्हिडिओ डोअर फोनला रिचार्ज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. बेल दाबली की भिंतीवरचा मॉनिटर लगेच उजळतो. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना मोबाइल शोधत बसावं लागत नाही. अडचण येते ती अंतराची. गेट ४० मीटरवर असेल तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध तीनेक ओहम होतो. युनिटने अर्धा अँपिअर घेतला की १२ व्होल्टमधले दीड वाटेतच जातात. मग रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की चित्र थरथरतं. म्हणून जाड वायर घ्या, किंवा नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारं आयपी मॉडेल घेऊन कॅट-सिक्स केबल टाका. वीज, चित्र, आवाज सगळं त्या एकाच केबलमधून १०० मीटरपर्यंत जातं. मोटरची २३० व्होल्टची वायर मात्र वेगळ्या पाइपातून न्या. वायरमन 'एकाच पाइपात जाईल' म्हणाला तरी ऐकू नका. आवाजात घरघर येते हा लहान त्रास, इन्सुलेशन गेल्यावरचा धोका फार मोठा. खड्डा उघडा आहे तोवर एक रिकामा पाइपही टाकून ठेवा.

सिमवाल्या युनिटची जागा वेगळी. कोकणात आंब्याची बाग आहे, घरापासून गेट दोन-तीनशे मीटरवर आणि मालक मुंबईत, तिथे चर खणण्यात अर्थ नाही. बेल दाबली की मालकाला फोन जातो आणि तो तिथून गेट उघडतो. बऱ्याच युनिटमध्ये ठरावीक नंबरावरून मिस्ड कॉल दिला तरी गेट उघडतं, गड्यासाठी ही सोय फार उपयोगी. पण फक्त टूजीवर चालणाऱ्या स्वस्त युनिटमध्ये जिओचं सिम चालत नाही. फोरजीचंच घ्या.

वायफायचं युनिट बसवायला सगळ्यात सोपं. पण जांभ्याच्या भिंतीपलीकडे राउटरची रेंज किती उरते ते आधी बघा. गेट बंद करून बाहेर उभं राहा आणि घरच्या वायफायवरून व्हिडिओ कॉल लावा. तो अडखळला तर हा पर्याय सोडून द्या.

तिन्हींपैकी काहीही घ्या, बिघाड बहुधा मोटरच्या जोडणीत होतो. काही इंटरकॉम कुलूप उघडण्यासाठी स्वतः १२ व्होल्ट देतात, काही स्वतः वीज न देता स्विचसारखा नुसता कॉन्टॅक्ट जोडतात. मोटरच्या बोर्डाला सहसा नुसता कॉन्टॅक्टच हवा असतो. तिथे १२ व्होल्ट दिले तर बोर्ड जळू शकतो. तुमच्या युनिटमध्ये १२ व्होल्टच असतील तर मधे १२ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच) घालून त्याची 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' ही दोन टोकं बोर्डाला जोडा.

कोणत्या टर्मिनलला जोडायचं हेही महत्त्वाचं. 'स्टेप' टर्मिनलवर पहिल्या दाबाला गेट उघडतं, दुसऱ्याला थांबतं. घरातून घाईने दोनदा बटण दाबलं की पाहुण्यांची गाडी अर्ध्या गेटात अडकते. इंटरकॉमला फक्त 'ओपन' द्या, बंद होणं ऑटो-क्लोजवर, म्हणजे थोड्या वेळाने गेट आपोआप बंद करणाऱ्या सोयीवर सोडा. फोटोसेल, म्हणजे वाटेत कोणी आलं की बंद होणारं गेट थांबवणारा सेन्सर, मात्र बसवायलाच हवा, त्याशिवाय ऑटो-क्लोज चालू करू नका. गेटाजवळ मुलं खेळतात. युनिटला दोन रिले असतील तर दुसरा पादचारी टर्मिनलला जोडा, कुरिअरवाल्यासाठी गेट माणूस जाईल इतकंच उघडेल.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीसह २४ व्होल्टची डीसी मोटर थोडी महाग पडली तरी घ्या. २३० व्होल्टची मोटर वीज गेली की किल्लीने सोडवून हाताने ढकलावी लागते. आत यायला दुसरा दरवाजा नसेल तर ती किल्ली आणि मोटरपर्यंत हात पोचेल अशी वाट, दोन्ही बाहेरून मिळायला हव्यात. हे मोटर बसवण्याआधीच मिस्त्रीला सांगा.