दाताच्या डॉक्टरची भीती: भूल, गॅस, गुंगी… कुणी काय निवडावं?

दाढ ठणकते, रात्री लवंग धरून कशीबशी झोप लागते आणि सकाळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणत आणखी आठवडा पुढं ढकलला जातो. असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोल्हापुरात दाताच्या दवाखान्यांना तोटा नाही, राजारामपुरी-शाहूपुरीत गल्लीगल्लीत पाट्या दिसतात. पाय अडतो तो पायरीशीच. लवंगेनं कळ दबते, कीड थांबत नाही. ठणका एकाएकी गेला तर उलट जास्त जपायला हवं, कारण आतली नस मेल्यावरही दुखायचं थांबतं आणि पू नंतर धरतो. काही जण दुखऱ्या हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवतात. तिनं हिरडी भाजून पांढरी पडते, ते मुळीच करू नका.

उपाय निवडण्याआधी भीती नेमकी कशाची आहे ते पाहा. जगभर वापरली जाणारी पाच प्रश्नांची एक साधी मोजणी आहे: उद्या डॉक्टरकडं जायचंय, बाहेर बाकावर बसलोय, ड्रिल लागणार आहे, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. ‘अजिबात भीती नाही’ म्हणजे १ आणि ‘प्रचंड भीती’ म्हणजे ५. बेरीज १९ किंवा वर गेली तर भीती तीव्र समजतात. माझ्या मते बेरजेपेक्षा कुठल्या प्रश्नाला ५ पडले हे जास्त कामाचं आहे.

सुईची भीती असेल तर

बहुतेक मोठ्या माणसांना जागेवरची भूल आणि न घाई करणारा डॉक्टर एवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त ती भूल नीट दिली जायला हवी. आधी हिरडी कापसानं कोरडी करून बधिर करणारं जेल लावतात आणि मिनिट-दोन मिनिटं थांबतात. मग गाल हलकेच ताणून औषध सावकाश सोडतात. औषध भसकन सोडलं की ताण पडून दुखतं, म्हणून दुखणं बऱ्याच अंशी वेगावर असतं. वरच्या जबड्याचं हाड विरळ असल्यानं तिथं दाताशेजारी दिलेलं औषध झिरपतं. खालच्या दाढांचं हाड घट्ट, म्हणून मागं नसेपाशी इंजेक्शन द्यावं लागतं आणि अर्धा ओठ, अर्धी जीभ काही तास जड राहते. टाळूवरचं इंजेक्शन मात्र दुखतं. तसं स्पष्ट सांगणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. भुलीच्या औषधात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यानं थोडा वेळ छाती धडधडते. माणूस घाबरतो आणि त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. ती धडधड औषधाची असते आणि काही मिनिटांत ओसरते. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते आधी सांगायचंच. दुसरं असं, की दाढ फार सुजून ठणकत असताना भूल नीट चढत नाही, कारण सुजेच्या जागी आम्लता वाढलेली असते. ‘मागच्या वेळी भूल लागलीच नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांचं कारण हेच असतं. म्हणजे घाबरून जितकं थांबाल तितकी ज्याची भीती तेच घडायची शक्यता वाढते.

सुई बघून चक्कर येणाऱ्यांचं वेगळं. त्यांचा रक्तदाब एकदम खाली येतो, त्यामुळं ‘सैल सोडा, मोठा श्वास घ्या’ हा सल्ला त्यांना पुरत नाही. हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, त्यानं दाब टिकतो. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्या गड्यालाही सुईनं चक्कर येऊ शकते. शरीराचा तो स्वभाव आहे, लाजायचं काही नाही. आणि जागेवरच्या भुलीला जाताना उपाशी जायचं नाही, पोटाला काहीतरी खाऊनच जायचं.

खुर्चीत अडकल्यासारखं वाटत असेल तर

तोंड उघडं, बोलता येत नाही, वर दिवा आणि कानात ती घरघर. इथं औषधाआधी हाताची खूण करून बघा. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या आणि काही नसताना एकदा उगाच करून पाहा. डॉक्टर खरोखर थांबले की अर्धा ताण तिथंच उतरतो. आवाजासाठी कानात गाणी लावून बसू द्यावं, असं सांगायला हरकत नाही. सकाळची पहिली वेळ घ्या, दिवसभर धाकधूक करत बसावं लागत नाही.

एवढ्यानं भागलं नाही, किंवा आरसा जिभेला लागताच ओकारी येत असेल, तर लाफिंग गॅसचा विचार करावा. दाताच्या कामाशी त्याचं नातं जुनं आहे. अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्यानं १८४४ मध्ये हा गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज तो ऑक्सिजनबरोबर नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. माणूस जागा असतो, ऐकतो, उत्तर देतो, पण मन सैलावतं. बंद करून काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर उपयोग नाही, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. भूल मात्र तरीही घ्यावी लागते, गॅस सुईच्या जागी येत नाही. सगळ्या दवाखान्यांत ही सोय नसते आणि बिल वाढतं, म्हणून फोनवरच विचारा.

गुंगीची गोळी दिसायला सगळ्यांत सोपी, पण मी ती गॅसच्या खाली ठेवतो. गोळीचा अंमल कमी-जास्त करता येत नाही आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच. दारू प्यायलेल्या अंगावर ती घेणं धोक्याचं. घरात कुणाची तरी झोपेची गोळी पडली आहे म्हणून आपल्या मनानं घेऊन जाणं तर साफ चूक. शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल हा पर्याय एरवी उपचार शक्यच नसलेल्यांसाठी, जबड्याच्या मोठ्या कामासाठी किंवा फार लहान मुलांसाठी. त्याला भूलतज्ज्ञ लागतो, आणि इथं नियम उलटा: आधी सहा तास खाणं बंद.

भीती वर्षानुवर्षांची असेल, नुसत्या वासानं घाम फुटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाबरोबर पायरीपायरीनं केलेला सराव सगळ्यांत टिकाऊ. गोळी त्या दिवसापुरती असते, सरावानं भीतीच कमी होते. पण ठणकत्या दाढेला तेवढी सवड नसते. आधी दाढेचं बघा.

कुठं जावं?

घाबरणाऱ्या माणसाला ओळखीच्या खासगी दवाखान्याचा फायदा म्हणजे दर वेळी तोच डॉक्टर. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, खर्च कमी, पण सरकारी रुग्णालयाची गर्दी असते, निवांत बोलायला वेळ मिळेलच असं नाही. ज्याला ‘एकदा दाढ काढून मोकळा करा’ एवढंच हवंय त्याला ते चालतं. तिसरी वाट महामार्गावरच्या वाठारहून वारणानगरच्या दिशेला, नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयाची. शिकाऊ डॉक्टर काम करतात, शिक्षक तपासतात, म्हणून वेळ जास्त लागतो आणि फेऱ्याही वाढतात. सगळं समजावून घ्यायला आवडतं त्याला ही जागा मानवेल. ओकारीचा त्रास असणाऱ्याला तेवढा वेळ तोंड उघडं ठेवणं जड जाईल.

आता ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ती भीती: डॉक्टर बोलतील याची. आपल्याकडं मिश्री लावणाऱ्या काकी-मावश्या आणि तंबाखू मळणारे मामा-काका काळ्या दातांच्या लाजेनं वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत. या लोकांनी तर आधी जायला हवं. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारं तोंड हे सगळं डॉक्टरच्या नजरेला लवकर पडतं, आणि लवकर पडलं तर तोंडाच्या कॅन्सरवर इलाज खूप सोपा होतो. अशा माणसाला गॅस नको, गोळी नको, न रागावणारा डॉक्टर हवा. तो शोधायला घरातल्या कुणीतरी आधी एकट्यानं जावं आणि विचारावं: “आमच्या आई मिश्री लावतात, फार लाजतात. पहिल्या दिवशी नुसतं बघाल का, काही न करता?” उत्तर कसं मिळतं त्यावरून दवाखाना ठरवा. जिथं तोंडावरच कपाळाला आठ्या पडल्या तिथून उठून यावं, दुसरी पाटी त्याच गल्लीत असते.