मशीनमागे, ड्रमपाशी की कपिंगच्या टेबलाशी?

हिंजवडीतली नोकरी सोडून ‘कॉफीत काहीतरी’ करायचं म्हणणारं कुणी ना कुणी मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतंच. घरी व्ही-सिक्स्टी ही कॉफी गाळायची गाळणी असते, हातानं फिरवायचा ग्राइंडर असतो, ग्रॅमचा काटा असतो आणि आईची बोलणी असतात, की एवढ्या पैशांत महिन्याचा चहा झाला असता. प्रश्न ठरलेला: बरिस्ता, म्हणजे कॅफेत मशीनमागे उभं राहून कॉफी बनवणारा, होऊ की रोस्टिंग, म्हणजे कॉफीचं बी भाजणं, शिकू? मी दोन वर्षं कॅफेच्या बारवर, म्हणजे मशीनच्या ओट्यामागे, उभा होतो आणि गेली चार वर्षं रोस्टरीत आहे. त्यामुळे माझी तुलना तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रविवारी सकाळी घरी एक कप फक्कड जमला म्हणून हे काम जमेल असं नाही. घरी पुरणपोळी छान होते म्हणून कुणी लग्नाच्या पंगतीचं कंत्राट घेत नाही. कॉफी आवडते का, हे विचारायची गरजच नाही, ती आवडतेच. कुठलं काम तुम्ही दिवसातून शंभरदा केलंत तरी चिडणार नाही, हे शोधायचं आहे.

बारपासून सुरुवात करू. सकाळी सातला ग्राइंडर जुळवायचा. एस्प्रेसोच्या एका शॉटला, म्हणजे मशीनच्या दाबानं काढलेल्या घट्ट कॉफीला, साधारण 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंद, कपात 36 ग्रॅम कॉफी. काल दुपारी जमलेलं दळण आज सकाळी जमत नाही, आणि पुण्यात जुलैची दमट हवा असली तर दिवसातून तीनदा बदलावं लागतं. मग दार उघडतं आणि माणसं येतात. इथून पुढे कॉफी निम्मी आणि माणसं निम्मी. दूध 60-65 अंशांपर्यंत तापवलं की गोड लागतं, त्यापुढे नेलं की त्याची चव बिघडते. पण आपली जीभ अमृततुल्यच्या उकळत्या चहावर वाढलेली. ‘कॉफी गार आहे’ ही तक्रार रोज येणार. त्या काकांना लेक्चर न देता, त्यांचा कप आधी गरम करून, त्यांना परत यावंसं वाटेल असं वागणं, हीच खरी कारागिरी. लाटे आर्ट, म्हणजे कपात दुधाच्या फेसानं काढलेली नक्षी, दोन महिन्यांत हात बसल्यावर येतं. त्याचं कौतुक मात्र उगाच जास्त होतं.

बारची मोठी जमेची बाजू म्हणजे चूक तीस सेकंदांत कळते. शॉट आंबट आला, दळण बारीक करा, पुन्हा काढा. दिवसाला दीडशे वेळा कान पिळला जातो, त्यामुळे शिकणं वेगानं होतं. उणी बाजूही उघड आहे: पाय, कंबर, मनगट. सुरुवातीचा पगार आयटीतून येणाऱ्याला दचकवणारा असतो, आणि सणवार तर विसराच, कारण इतरांची सुट्टी हाच आपला गर्दीचा दिवस.

बारवरून वर चढायची एक वाट स्पर्धांची आहे. जागतिक बरिस्ता स्पर्धा 2000 साली मोंटे कार्लोत सुरू झाली. 15 मिनिटांत 12 पेयं बनवायची आणि बनवता बनवता परीक्षकांना आपलं म्हणणंही पटवायचं. जवळजवळ एकपात्री प्रयोगच. नागपूरच्या ‘कॉरिडॉर सेव्हन’ या कॉफी रोस्टरीचे मिथिलेश वझलवार या स्पर्धेत भारताकडून उतरले आहेत. बंगळुरूला गेल्याशिवाय काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचंच नाव सांगतो. नागपुरात, संत्र्यांच्या गावात बसून हे झालं.

आता रोस्टरी. लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो फिरणारा ड्रम आणि तपकिरी दाण्यांचा धबधबा. तो दिवसाचा लहानसा भाग. बाकीचा वेळ पोती उचलणं, हिरवं बी निवडणं, पाकिटं भरणं, लेबलं चिकटवणं आणि धुराड्यातली फोलपटं साफ करणं. ती साचली तर आग लागते, म्हणून हे काम उद्यावर ढकलता येत नाही.

पण ती दहा-बारा मिनिटं! हिरवा दाणा आधी पिवळा होतो, गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा येतो, आणि 196 अंशांच्या आसपास लाह्या फुटल्यासारखा आवाज सुरू होतो. त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. तिथून पुढे किती सेकंद थांबायचं यावर सगळं ठरतं. एक किलो हिरव्या बियांतून साडेआठशे ग्रॅमच्या आसपास कॉफी हाती येते, कारण बाकीचं वजन मुख्यतः पाणी म्हणून उडून जातं. धंद्याचा हिशेब करताना नवखे नेमकं हेच विसरतात.

दुसऱ्या वर्षी माझी एक बॅच ऐन क्रॅकच्या तोंडावर असताना वीज गेली. ड्रम थांबला, आतली धग तशीच. जनरेटरचं डिझेल बघायचं काम माझं होतं आणि मी ते बघितलं नव्हतं. बारा किलो अरेबिका जातीची कॉफी कोळसा झाली, आणि तो वास आठवडाभर शर्टाला होता. बारवर चूक एका कपाची होते, इथे पोत्याच्या हिशेबात होते. शिवाय ती कळतेही उशिरा: भाजलेली कॉफी काही दिवस विसावल्याशिवाय नीट बोलत नाही. घाई असलेल्या माणसानं या वाटेला जाऊ नये. ज्याला एकटं, वही घेऊन, त्याच त्या गोष्टीत अर्ध्या मिनिटाचा फरक करून बघायला आवडतं, त्यानं जरूर जावं.

पाकिटावर मळ्याचं नाव छापता येणं, ही सुद्धा आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. नव्वदच्या दशकापर्यंत बागायतदाराची कॉफी केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जायची. कुणाचा दाणा कुठला, हे तिथेच मिटून जायचं. 1996 पर्यंत ते बंधन टप्प्याटप्प्यानं उठलं आणि चिकमगळूर-कोडगूचे मळे आपल्या नावानं विकू लागले. आज रोस्टर थेट मळ्यावर जाऊन सौदा करतो, तो या बदलामुळे.

तिसरी वाट चवीची, आणि माझ्या मते सगळ्यात कमी ओळखीची. कपिंगमध्ये, म्हणजे कॉफीची चव पारखून गुण देताना, 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी घेतात, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं मोडतात, वास घेतात, मग जोरात सुर्रकन ओढतात. शंभरपैकी 80 किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती ‘स्पेशालिटी’, म्हणजे वरच्या दर्जाची. सुनालिनी मेनन यांनी आशियातल्या पहिल्या स्त्री कॉफी-परीक्षक म्हणून या क्षेत्रात नाव केलं आणि बंगळुरूत स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. कॉफी बोर्डाचा गुणवत्ता व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा याच कामासाठी आहे. त्याला विज्ञान किंवा कृषी शाखेची पदवी लागते. चार दिवस चाखून बघायचं असेल तर बोर्डाचा ‘कापी शास्त्र’ हा छोटा अभ्यासक्रम बरा.

इथे मराठी माणसाला एक गंमत सापडते. चवींची नावं गोलात मांडलेलं जे चक्र जगभर वापरतात, ते 1995 मध्ये निघालं आणि 2016 मध्ये नव्यानं मांडलं गेलं. त्यात ब्लूबेरी आहे, ब्लॅकबेरी आहे. मी पहिल्या कपिंगला ‘ब्लॅकबेरी’ ऐकून मान डोलावली. आयुष्यात खाल्लं नव्हतं. मला करवंद लागलं होतं. काही कॉफ्यांत कोकम असतं, काहींत काकवी, एकदा चक्क पिकलेलं कवठ. आता मी वहीत आधी हे शब्द लिहितो आणि मग त्यांचं चक्रातलं भाषांतर करतो. ज्याच्या जिभेला अशा आठवणी आहेत आणि ज्याला नेमका शब्द सापडेपर्यंत चैन पडत नाही, त्याच्यासाठी ही वाट आहे. अडचण एकच: नोकऱ्या मोजक्या, आणि बहुतेक कर्नाटकात. कानडी शिकायची तयारी ठेवा.

स्वतःचा कॅफे? चौथा पर्याय म्हणून सगळे आधी तोच सांगतात. किलोभर कॉफीत पन्नासेक शॉट निघतात, हा हिशेब गोड वाटतो. मग भाडं येतं, अनामत येते, अकरा महिन्यांचा करार येतो, गुमास्ता, फूड लायसन्स, काही लाखांचं मशीन आणि त्याचा मेकॅनिक. कॅफे हा जागेचा धंदा आहे, कॉफी त्यातलं निमित्त. बारवर एक वर्ष न काढता कुणी कॅफे काढत असेल तर मी बोलत नाही, फक्त कॉफी पितो.

चित्रकार, कुंभारकाम करणारे, छायाचित्रकार यांनी मात्र नोकरी सोडायचीच असं नाही. वांद्र्याच्या ‘सबको’सारख्या कॉफी रोस्टरीत पाकिटाच्या मांडणीवर जेवढा जीव ओतलेला दिसतो, तेवढा पूर्वी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर ओतला जायचा. असं काम बाहेरून, सुट्टं घेता येतं. माझी एक मैत्रीण आठवड्यातून दोन दिवस बारवर असते आणि उरलेले दिवस कप घडवते. कप कसा धरला जातो हे तिला बारवरच कळलं. मेलबर्नला शिकायला गेलेली आपली मुलं बारवर काम करून भाडं भरतात, त्यातली काही तिथेच रुळतात. पण तिथे दुधाचा एक जग नीट वाफवता येणं ही किमान पात्रता धरली जाते, म्हणून जाण्याआधी इथे हात बसवून घ्या.

मला विचाराल तर रोस्टिंग किंवा चव यांकडे जायचं असेल तरी पहिले सहा महिने बारवर काढा. आपण भाजलेलं लोक कसं पितात हे तिथे दिसतं. आणि राजीनामा द्यायच्या आधी ओळखीच्या एखाद्या कॅफेत दोन शनिवार फुकट उभे राहायची परवानगी मागा. सकाळची गर्दी बघून काही ठरवू नका, ती सगळ्यांनाच आवडते. दुपारी चार वाजता, ग्राहक नसताना, ग्रुपहेडच्या, म्हणजे मशीनचं पाणी जिथून पडतं त्या तोंडाच्या, जाळ्या घासताना मनात काय चाललंय ते बघा.