लोकल कीलेस हँडल: बटणवालं घ्या, टचवालं सोडा

कीलेस हँडल म्हणजे चावी खिशातच ठेवून उघडता येणारं गाडीच्या दरवाजाचं बाहेरचं हँडल. बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या लोकल कीलेस हँडलचा निकाल आधीच सांगून टाकतो. हँडलवर छोटं काळं रबरी बटण असेल, तर लोकल नग घ्यायला हरकत नाही. बोट लावल्यावर उघडणारं टचवालं असेल, तर जेन्युइनच घ्यावं. बटणवाल्याच्या पोटात एक मायक्रोस्विच आणि एक अँटेनाची कॉइल, एवढाच संसार. टचवाल्यात स्पर्श ओळखणारं सर्किट असतं, आणि ते स्वस्तात केलेलं असलं की त्याला पाण्याचा थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. चावी खिशात ठेवून गाडी धुताना दरवाजा आपोआप लॉक-अनलॉक होण्याचा प्रकार जेन्युइनमध्येही थोडाफार होतो, लोकलमध्ये त्याचा वैताग होतो.

पण बरीच हँडलं बिघडलेली नसतानाच बदलली जातात. म्हणून आधी दुसऱ्या दरवाजाचं बटण दाबून बघा. तेही चालत नसेल तर हँडलचा दोष नाही, चावीतला सेल बदला. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. दुसरी चावी गाडीत राहिली असेल तरी गाडी लॉक होत नाही, नुसती बीप करते. दुसरा दरवाजा नीट चालतोय आणि हाच अडून बसलाय, तेव्हा कुठे हँडलवर संशय घ्यायचा. त्यातही दरवाजा आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातली वायर उघडझाप करून करून आतून तुटते. वरून प्लास्टिक शाबूत दिसतं आणि आत तांबं सुटलेलं असतं. मल्टिमीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासल्याशिवाय हे कळत नाही.

आपल्याकडे बटण मरतं ते बहुतेक रबरामुळे. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा त्याहून तापतो. दोन-तीन उन्हाळ्यांत बटणावरचं रबर कडक होऊन त्याला केसासारखी चीर पडते, आणि पुढच्या पावसात त्या चिरेतून पाणी स्विचमध्ये उतरतं. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुणाऱ्यांच्या बटणाभोवती पांढरा थर साचतो, बटण आत अडकतं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतून आलेल्या हाताचा चीक हा आणखी वेगळा विषय. तो सुकून काळा झाला की बटणाच्या कडेला डिंकासारखा बसतो. चीर नसेल आणि बटण फक्त अडकत असेल, तर आधी ओल्या ब्रशने साफ करून बघा. तेवढ्यावर भागलं तर हा पुढचा खटाटोप वाचला.

आता लोकल नगाबद्दल. हातात घेतल्यावर पुढची बाजू बघण्यात वेळ घालवू नका, क्रोमची चमक सगळ्यांनाच चांगली असते. उलटं करून मागून बघा. स्विच आणि कॉइल बसवलेली जागा काळ्या किंवा पारदर्शक रेझिनने पूर्ण भरलेली पाहिजे. तिथे नुसता प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवलेला असेल आणि नखाने त्याची कड उचलली जात असेल, तर दुकानदार कितीही 'चाली जाई भाऊ' म्हणाला तरी परत करा. पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत जाणार. कड किंचितच उघडी असेल आणि नग बाकी बरा असेल, तर सिलिकॉनची बारीक लकेर मारता येते. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याचं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागा.

मग कपलर, म्हणजे हँडलची वायर गाडीच्या वायरिंगला जोडणारा प्लास्टिकचा जोड, बघा. जुन्यात चार पिना असतील आणि नव्यात दोनच, तर त्यात एकतर स्विच नाही किंवा अँटेना नाही. अँटेना नसली तर चावी अगदी हँडलजवळ धरूनही काही होत नाही, कारण चावीला जागं करणारा सिग्नल याच कॉइलमधून, साधारण १२५ किलोहर्ट्झवर जातो. पिना सारख्या असल्या तरी वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, लोकलमध्ये रंग कुठलेही येतात. पिनेची जागा जुळवा. स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावून बटण दाबलं की रीडिंग बदललं पाहिजे, सोडलं की मूळ जागी आलं पाहिजे. अँटेनाच्या पिनांवर काही गाड्यांत थोडे ओहम दिसतात. काहींत आत कपॅसिटर असल्याने सर्किट तुटल्यासारखं दिसतं आणि तरी अँटेना ठणठणीत असते. म्हणून दुसऱ्या बाजूच्या चालू हँडलवर येणारं रीडिंग हेच खरं माप.

बसवण्याचं काम तसं अवघड नाही, पण ते हँडलमुळे नाही तर पॅडमुळे फसतं. काही गाड्यांत कपलर हँडलच्या भोकातूनच बाहेर ओढता येतो, मग अर्ध्या तासाचं काम. बाकीच्यांत दरवाजाचं आतलं पॅड काढावं लागतं, पहिल्यांदा करणाऱ्याने दोन तास धरावेत. आधी काच पूर्ण वर घ्या, गाडी बंद करा, आणि दरवाजात एअरबॅगचा सेन्सर असेल तर दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा. पॅडचे स्क्रू आतल्या हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टच्या खाचेत, छोट्या झाकणांमागे लपलेले असतात. ते राहिले आणि पॅड ओढलं की पॅड फाटतं. मग कडेने प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवा. स्क्रूड्रायव्हर घातला तर पेंटवर ओरखडा ठरलेला. पाच-सहा जादा क्लिपा आधीच आणून ठेवा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे हे काम करू नका, थंडीत प्लास्टिक काचेसारखं तुटतं. आणि मेमध्ये दुपारी तर नकोच. पॅडमागच्या शीटचा काळा चिकट डिंक उन्हात शेवयांसारखा ओढला जातो आणि हाताला, सीटला, सगळीकडे लागतो. शीट ओढू नका, डिंकामधून ब्लेड फिरवा म्हणजे परत बसवता येते.

हँडलचा बोल्ट दरवाजाच्या मागच्या जाड कडेवर, रबरी बुचाखाली असतो. बहुतेक ठिकाणी स्टार बिट लागते, काही गाड्यांत दहाचा पाना. हा बोल्ट पूर्ण काढायचा नसतो, ढिला करायचा असतो. पूर्ण काढला तर तो दरवाजाच्या पोटात पडतो, म्हणून खाली आधीच फडकं कोंबून ठेवा. बोल्ट ढिला झाला की मागची छोटी टोपी बाहेर येते, मग हँडल मागे सरकवून पुढचा हुक सोडवायचा. हँडल आणि पत्रा यांच्यामधल्या पातळ रबरी पट्ट्या लोकल नगाबरोबर येत नाहीत किंवा आल्या तर फार पातळ असतात. जुन्या चांगल्या असतील तर त्याच लावा.

नवं हँडल बसवण्याआधी नुसतं कपलरला जोडा. दरवाजा उघडाच ठेवून मागच्या कडेवरचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दोन टप्प्यांत आत ढकला, म्हणजे गाडीला दरवाजा बंद झाल्यासारखा वाटतो. बॅटरी काढली असेल तर ती आता परत जोडलेली पाहिजे. चावी खिशात, हँडलपासून हातभर अंतरावर उभं राहून बटण दाबा. लॉक, अनलॉक, दहा वेळा. पुढे हँडल बसवल्यावरही, ते ओढून हे लॉक सुटतंय का बघितल्याशिवाय दरवाजा खरोखर बंद करू नका. हँडलचा मागचा पाय आतल्या लिव्हरमध्ये अडकला नसेल तर हँडल नुसतं हलतं आणि दरवाजा उघडत नाही.

चाचणी झाली की पुढचा हुक आधी, मग मागचा पाय, मग टोपी. बोल्ट हाताने जेवढा बसतो तेवढाच आवळा, आतली फ्रेम नाजूक असते. वायर काचेच्या वाटेत येणार नाही अशी जुन्याच क्लिपमध्ये अडकवा. कपलरला सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावला की ओल पुढे सरकत नाही.

रंगाचं म्हणाल, तर लोकल नगावरचा पांढरा आणि सिल्व्हर रंग गाडीशी सहसा जुळत नाही. काळा किंवा क्रोम घ्या, नाहीतर प्रायमरवाला घेऊन पेंटरकडून मारून घ्या. टचच्या हँडलवर बाजारातलं क्रोमचं कव्हर चिकटवू नका, त्याने सेन्सरचा स्पर्शच मरतो. किंमत लोकलची जेन्युइनपेक्षा बरीच कमी पडते, पण ऑनलाइन घेताना चासी नंबरवरून मूळ पार्ट नंबर काढून तोच जुळवा. मॉडेल आणि वर्ष सारखं असूनही बाजू चुकली की परत पाठवण्यातच आठवडा जातो.

ड्रायव्हरच्या दरवाजावर त्या टोपीमागेच चावीचा सिलिंडर असतो. नव्या हँडलबरोबर दुसरा सिलिंडर आला असेल तरी जुनाच काढून बसवा. नाहीतर गाडीची बॅटरी बसली त्या दिवशी आपली चावी आपल्याच दरवाजात फिरणार नाही.